पाठवलेला मेल अडतो कुठे?

मेल पाठवला, पडद्यावर कसलीही चूक उमटली नाही, तरी समोरच्याला तो मिळाला नाही. मग गेला कुठे? घरी लिनक्सवर मेल सर्व्हर चालवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. हा सर्व्हर बहुधा कपाटावर ठेवलेला रास्पबेरी पाय असतो, नाहीतर ऑफिसातून निवृत्त होऊन घरी आलेला डेस्कटॉप. रात्रीचा बॅकअप झाल्याचा अहवाल, दारावरच्या कॅमेऱ्याची सूचना, हार्ड डिस्क बिघडत चालल्याचा इशारा, असे चार मेल त्याने बाहेर पाठवावेत एवढीच अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही की पुष्कळ जण सेटिंग्जची फाइल उघडतात आणि सुचेल ती ओळ बदलत सुटतात. ताप कशाने आला हे न पाहता घरातली सगळी औषधे एकदम घेण्यासारखा हा प्रकार आहे. पत्र सध्या कोणाच्या हातात आहे हे आधी ठरवले, तर दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची निघते.

१. ‘गेला’ म्हणजे कुठवर गेला?

मेल लिहिणारा प्रोग्राम आणि मेल पोचवणारा प्रोग्राम हे दोन वेगळे असतात. बॅकअपची स्क्रिप्ट ‘मेल’ ही आज्ञा चालवते तेव्हा ती पत्र फक्त पेटीत टाकते. पेटीत पत्र पडले की स्क्रिप्टचे काम संपते, म्हणून ती तक्रार करत नाही. पेटी उघडून पत्र पुढे नेणारा प्रोग्राम हाच खरा मेल सर्व्हर. लिनक्सवर हे काम बहुधा तिघांपैकी एक जण करतो: बर्कलीत एरिक ऑलमन यांनी लिहिलेला जुनाजाणता सेंडमेल, केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला एक्झिम, किंवा आयबीएमच्या संशोधनकेंद्रात वीत्से वेनेमा यांनी लिहून १९९८ मध्ये खुला केलेला पोस्टफिक्स. घरगुती सर्व्हरवर आज पोस्टफिक्स पुष्कळ आढळतो, म्हणून पुढची उदाहरणे त्याचीच घेतली आहेत. तर्क तिघांनाही सारखाच लागू पडतो.

पत्राचा प्रवास चार हातांतून होतो. पहिला हात घरच्या सर्व्हरच्या रांगेचा. दुसरा पत्ता शोधणाऱ्या डीएनएस यंत्रणेचा. तिसरा दोन सर्व्हरमधल्या तारेचा, म्हणजे राउटर आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांचा. चौथा हात पलीकडच्या सर्व्हरचा. पलीकडच्याने ‘मिळाले’ असे एकदा सांगितले की घरच्या सर्व्हरची जबाबदारी संपते. त्यानंतर पत्र समोरच्याच्या मुख्य पेटीत पडले की स्पॅममध्ये, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उपायही निराळे आहेत. हे दोन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे जेवढा वेळ वाया जातो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने जात असेल.

२. नोंदवही वाचणे

सर्व्हर प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवतो. डेबियन आणि उबुंटूच्या परंपरेत ती ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लॉग’मध्ये ‘मेल.लॉग’ नावाने सापडते, रेड हॅटच्या घराण्यात ‘मेललॉग’ नावाने. २०२३ च्या डेबियन १२ पासून नव्या मांडणीत ही फाइल मुळात नसतेच. तिथे ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने पोस्टफिक्सच्या नोंदी मागवाव्या लागतात. फाइल दिसली नाही म्हणून नोंदच झाली नाही, असा समज करून घेऊ नये.

वाडा.उदाहरण या काल्पनिक डोमेनच्या घरच्या सर्व्हरवर पुढची ओळ दिसली असे धरले आहे:

रिले=नन, डिले=३०, डिलेज=०.१/०.०/३०/०, डीएसएन=४.४.१, स्टेटस=डिफर्ड (कनेक्शन टाइम्ड आउट)

ही ओळ शेवटाकडून वाचावी. ‘स्टेटस’पुढे बहुधा तीनपैकी एक शब्द असतो. ‘सेंट’ म्हणजे पलीकडच्याने स्वीकारले. ‘बाउन्स्ड’ म्हणजे कायमचे नाकारले. ‘डिफर्ड’ म्हणजे आज नाही, पुन्हा बघू. कंसात नाकारण्याचे कारण येते, आणि ते बहुतेकदा पलीकडच्या सर्व्हरने स्वतःच्या शब्दांत दिलेले असते. ‘डिलेज’मधले चार आकडे म्हणजे पत्र कुठे किती सेकंद थांबले याचा हिशेब: रांगेत शिरेपर्यंत, रांगेत, जोडणी होईपर्यंत आणि प्रत्यक्ष मजकूर पाठवताना. इथे तिसऱ्या जागी ३० आहे. पत्र लिहिण्यात, रांगेत किंवा पासवर्डात काही बिघडलेले नाही. सर्व्हर पलीकडच्याच्या दारात तीस सेकंद उभा राहिला आणि दार उघडलेच नाही. ‘रिले=नन’ तेच सांगते: पत्र हाती घ्यायला कोणी भेटलेच नाही. एका ओळीतून चारपैकी तिसरा हात सापडला.

रांगेत सध्या काय पडून आहे ते ‘मेलक्यू’ या आज्ञेने दिसते, आणि ती तिन्ही प्रोग्राममध्ये चालते. पोस्टफिक्स अडलेले पत्र सोडून देत नाही. सुरुवातीला काही मिनिटांनी, पुढे वाढत्या अंतराने, साधारण तासाभराच्या आत पुन्हा प्रयत्न करतो आणि मुळातल्या सेटिंगनुसार पाच दिवस नेटाने चिकटून राहतो. त्यानंतर हार मानून पत्र पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. घरगुती सर्व्हरची गंमत इथेच आहे. पाठवणारा म्हणजे त्याच संगणकावरचा मुख्य वापरकर्ता ‘रूट’, आणि परत आलेले पत्र त्याच संगणकावरच्या रूटच्या पेटीत जाऊन पडते. ती पेटी वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. कारण तपशीलवार लिहिलेली शेकडो पत्रे तिथे साचलेली असतात आणि मालक म्हणतो, सर्व्हर काही बोलतच नाही. म्हणून शोध सुरू करताना रूटची पेटी आधी उघडावी.

तक्रार ऐकतानाही तपशील टाकून देऊ नये. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९० च्या दशकात संख्याशास्त्र विभागाने तक्रार केली की त्यांचा मेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही. व्यवस्था पाहणारे ट्रे हॅरिस यांना ते अशक्य वाटले, पण तपासल्यावर तक्रार खरी निघाली. संगणकाची देखभाल करताना कोणीतरी सेंडमेलची जुनी आवृत्ती बसवली होती. जुन्या आवृत्तीला नव्या सेटिंग्जची फाइल नीट समजत नव्हती, आणि जोडणीसाठी थांबण्याचा वेळ शून्य धरला गेला होता. त्या यंत्रावर शून्याचा अर्थ साधारण तीन मिलिसेकंद होत असे, आणि तेवढ्या वेळात प्रकाश साडेपाचशे मैलांच्या थोडा पुढे जातो. त्यापलीकडचा सर्व्हर उत्तर देईपर्यंत सेंडमेलने फोन ठेवलेला असे.

३. तीन अंकी उत्तरे

दोन मेल सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपी नावाच्या भाषेत बोलतात. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये तिचे नियम लिहिले, आणि तिचा साचा अजून तोच आहे. संभाषण अगदी साध्या शब्दांत चालते. पलीकडचा आधी २२० हा आकडा म्हणून स्वागत करतो. इकडचा आपले नाव सांगतो, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग घेणाऱ्याचा पत्ता, मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीत एकटे पूर्णविरामाचे टिंब. प्रत्येक पायरीला पलीकडून तीन अंकी उत्तर येते.

पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा. २ म्हणजे ठीक, ३ म्हणजे पुढे बोला, ४ म्हणजे नंतर या, ५ म्हणजे येऊ नका. चार आणि पाच यांतला फरक ओळखला की अर्धा शोध संपतो. टपाल कचेरीच्या खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी असली तर ताटकळत थांबता येते. ‘या पत्त्याचे टपाल इथे घेतले जात नाही’ अशी पाटी असेल तर कितीही थांबून उपयोग नाही.

चारच्या उत्तरांपैकी एक प्रकार मुद्दाम घडवलेला असतो. अनोळखी सर्व्हरचे पहिले पत्र काही सर्व्हर ४५० किंवा ४५१ म्हणून परत पाठवतात, आणि थोड्या वेळाने तोच पुन्हा आला तर निमूट घेतात. या युक्तीला ग्रेलिस्टिंग म्हणतात, ती २००३ पासून प्रचारात आहे. घाऊक कचरा पाठवणारे प्रोग्राम पुन्हा यायची तसदी घेत नाहीत, प्रामाणिक सर्व्हर घेतो. अशा वेळी काहीही दुरुस्त करायचे नसते. अर्धा तास वाट पाहणे हाच उपाय, आणि नेमका तोच लोकांना सर्वांत जड जातो.

४. पत्ता सापडतो का?

घेणाऱ्याच्या पत्त्यात ‘ॲट’च्या पुढे डोमेन असते. त्या डोमेनचे टपाल कोणता संगणक घेतो, हे डीएनएसमधल्या ‘एमएक्स’ नोंदीवरून कळते. एकापेक्षा जास्त नोंदी असतील तर प्रत्येकीपुढे क्रमांक असतो, आणि लहान क्रमांकाचा संगणक आधी गाठायचा असतो. ‘डिग’ या आज्ञेने ही नोंद हाताने विचारून पाहता येते.

कधी कधी हाताने विचारले तर उत्तर लगेच येते, पण पोस्टफिक्स मात्र ‘डोमेन सापडत नाही’ असेच लिहीत राहतो. हा चकवा डेबियनवर वारंवार भेटतो. सुरक्षिततेसाठी पोस्टफिक्सचे काही भाग एका बंद खोलीत चालतात. तिथून बाकीच्या फाइली दिसत नाहीत, म्हणून डीएनएसचा पत्ता कुठे विचारायचा हे सांगणाऱ्या फाइलीची एक नक्कल खोलीत ठेवलेली असते. राउटर बदलला की मूळ फाइल बदलते, पण खोलीच्या भिंतीवर गेल्या वर्षीचेच कॅलेंडर राहते. पोस्टफिक्स पुन्हा सुरू केला की नक्कल नवी होते. संगणक चालू होताना नेटवर्क जागे होण्याआधी पोस्टफिक्स जागा झाला, तरी हेच घडते.

याच टप्प्यावरची दुसरी चूक मालकाने स्वतः केलेली असते. ‘माय-डेस्टिनेशन’ या सेटिंगमध्ये जी डोमेन लिहिली असतील त्यांचे टपाल पोस्टफिक्स घरचेच समजतो. वाडा.उदाहरणचे मेल प्रत्यक्षात एखाद्या बाहेरच्या कंपनीकडे येत असतील आणि तरीही ते नाव या यादीत राहिले असेल, तर त्या डोमेनच्या पत्त्यांवरचे पत्र घराबाहेर पडतच नाही. जगातल्या सगळ्यांना मेल जातो, फक्त स्वतःच्याच पत्त्यावर जात नाही. नोंदीत ‘रिले=लोकल’ आणि ‘अननोन यूजर’ दिसले की निदान पक्के.

५. पंचवीस क्रमांकाचे दार

प्रत्येक संगणकाला वेगवेगळ्या कामांसाठी क्रमांकांची दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. एका मेल सर्व्हरने दुसऱ्याला टपाल द्यायचे ते पोर्ट २५ वर. घरगुती इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणी ग्राहकाच्या घरातून पोर्ट २५ कडे बाहेर जाणारी वाट बंद ठेवतात. गूगलच्या भाड्याच्या क्लाउड संगणकांवरूनही ही वाट बाहेरच्यासाठी बंदच असते.

वाट बंद आहे की नाही हे फोनच्या अनुभवावरून ओळखता येते. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. मधल्या कोणीतरी गुपचूप अडवल्याचे हे लक्षण आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पलीकडे माणूस आहे, पण त्याने लगेच फोन कापला. त्या दारावर काम करणारा प्रोग्राम चालू नाही, किंवा क्रमांक चुकला. ‘नेटवर्क अनरीचेबल’ म्हणजे आपल्याच फोनला रेंज नाही.

चाचणी पाच मिनिटांची आहे. घरच्या सर्व्हरवरूनच ‘टेलनेट’ने दोन-तीन वेगवेगळ्या मोठ्या मेल सेवांच्या एमएक्स संगणकांचे पोर्ट २५ ठोठावून पाहावे, नंतर एखाद्या मेल सेवेचे पोर्ट ५८७. पंचवीसवर सगळीकडे शांतता आणि ५८७ वर २२० चे स्वागत, असे दिसले तर कंपनीने वाट अडवली आहे. एकाच ठिकाणी शांतता असेल तर दोष त्या ठिकाणचा. घरच्या फायरवॉलमध्ये तासन्‌तास नियम बदलत बसण्याआधी ही चाचणी केलेली बरी.

६. घरच्या पत्त्यावर विश्वास का नाही?

दार उघडे असले तरी आत घेतले जाईलच असे नाही, आणि घरगुती सर्व्हरचे सर्वांत मोठे दुखणे इथे आहे. सर्व्हर नीट मांडलेला असतो, पासवर्ड बरोबर असतो, तरी पलीकडून ५५० किंवा ५५४ येते आणि कंसात धोरण, यादी, प्रतिष्ठा असले शब्द असतात.

घरच्या जोडणीचा आयपी पत्ता म्हणजे धर्मशाळेतली खोली. आज एक उतारू, उद्या दुसरा. कालच्या उतारूने काय गोंधळ घातला याचा हिशेब खोलीच्या क्रमांकावर मांडला जातो आणि तो आजच्या सज्जनाला चुकवावा लागतो. २००३ च्या सुमारास सोबिगसारख्या विषाणूंनी लाखो घरगुती संगणक ताब्यात घेतले आणि त्यांतून स्पॅमचा पूर वाहू लागला. तेव्हापासून घरगुती पत्त्यावरून थेट आलेले टपाल संशयाने पाहण्याची रीत पक्की झाली.

१९९८ पासून काम करणारी स्पॅमहॉस ही संस्था अशा पत्त्यांच्या याद्या ठेवते. तिच्या ‘पीबीएल’ या यादीत घरगुती आणि सतत बदलणारे आयपी पत्ते येतात, आणि त्यांतले बरेच खुद्द इंटरनेट कंपन्यांनीच कळवलेले असतात. त्या यादीत नाव असणे हा गुन्ह्याचा ठपका नव्हे. या पत्त्यावरून थेट टपाल येणे अपेक्षित नाही, एवढेच ती सांगते. यादी डीएनएसमधून तपासता येते. पत्ता उलटा लिहून विचारला की १२७.०.० ने सुरू होणारे उत्तर म्हणजे नाव आहे, आणि ‘असे काही नाही’ म्हणजे नाव नाही. इथेही एक फसवी जागा आहे. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारले तर १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर मिळू शकते. त्याचा अर्थ ‘या मार्गाने विचारू नका’ असा आहे. तो यादीतला शेरा समजून घाबरणारे पुष्कळ असतात.

दुसरी कसोटी उलट्या नावाची. नावावरून पत्ता शोधणे ही नेहमीची रीत, पण पलीकडचा सर्व्हर उलटही विचारतो: २०३.०.११३.२५ या पत्त्यावर कोण राहते? याची नोंद ‘पीटीआर’ नावाने होते, आणि ती पाहायची तर पत्ता २५.११३.०.२०३ असा उलटा करून विचारावा लागतो. उलटा का? कारण भारतीय टपालाच्या पाकिटावर रोज दिसते. पत्ता लिहिताना घर आधी येते, मग गल्ली, गाव, शेवटी राज्य. डोमेनची नावेही अशीच, लहानाकडून मोठ्याकडे. पिनकोड मात्र मोठ्याकडून लहानाकडे वाचायचा असतो. ४११००१ मध्ये ४ हा महाराष्ट्र-गोव्यासह पश्चिमेचा विभाग, ४११ हा पुण्याचा टप्पा आणि शेवटचे तीन अंक कचेरीचे. रत्नागिरी जिल्ह्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर डाक-तार खात्यात अधिकारी होते. ही पद्धत त्यांनी बसवली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. आयपी पत्ता पिनकोडसारखा आहे, डोमेन पाकिटावरच्या पत्त्यासारखे. दोन्ही एका यंत्रणेत बसवायचे म्हणजे एकाला उलटे करणे भागच.

मात्र पीटीआर नोंद घरमालकाच्या हातात नसते. डोमेन त्याचे असले तरी आयपी पत्ता कंपनीचा असतो, म्हणून त्या खोलीवर कोणत्या नावाची पाटी लावायची ते कंपनीच ठरवते. आपल्या डोमेनच्या सेटिंग्जमध्ये पीटीआर टाकून कितीही दिवस वाट पाहिली तरी काही होत नाही. स्थिर आयपी विकत घेऊन कंपनीला विनंती करावी लागते. पाटी लागल्यावर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: पत्त्यावरून निघणारे नाव, त्या नावावरून निघणारा पत्ता, आणि संभाषणाच्या सुरुवातीला सर्व्हर सांगतो ते स्वतःचे नाव. पोस्टफिक्समध्ये हे तिसरे नाव ‘माय-होस्टनेम’मधून येते. तिथे ‘लोकलहोस्ट’ राहिले असेल तर सर्व्हर परक्याच्या दारात जाऊन ‘मी, मी आलोय’ म्हणतो.

आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीमुळे हाच अडथळा अचानक उगवतो. वर्षभर सुरळीत चाललेल्या सर्व्हरला एके दिवशी राउटरकडून आयपीव्ही६ पत्ता मिळतो. पोस्टफिक्स तो वापरू लागतो. त्या पत्त्याला पीटीआर नसते आणि जीमेल पत्रे नाकारू लागते. पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगणारी ‘इनेट-प्रोटोकॉल्स’ची एक ओळ पुरते.

राउटरवर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर पुढचा शोध थांबवावा. त्याचा अर्थ असा की शेकडो ग्राहक एकाच खऱ्या पत्त्यामागे दाटीवाटीने बसवलेले आहेत. तिथे पीटीआर स्वतःच्या नावाची कधीच होणार नाही.

७. दुसऱ्याच्या हातून पाठवणे

वरच्या प्रकारांपैकी काहीही निघाले तरी बहुतेक घरांसाठी शहाणा मार्ग एकच आहे: स्वतः दारोदार न फिरता पत्रे एखाद्या विश्वासार्ह मेल सेवेकडे सोपवायची. याला रिले किंवा स्मार्टहोस्ट म्हणतात. यात कमीपणा वाटणारे हौशी लोक असतात, पण गावचा पोस्टमास्तरही मुंबईची पत्रे स्वतः वाटायला जात नाही.

ग्राहकाने टपाल द्यायची खिडकी वेगळी असते. १९९८ मध्ये तिच्यासाठी पोर्ट ५८७ ठरवला गेला. तिथे बोलणे साधेपणाने सुरू होते, मग दोघे मिळून कुलूपबंद बोलण्यावर येतात. पोर्ट ४६५ वर पहिल्या अक्षरापासून सगळे कुलूपबंद असते, आणि २०१८ पासून अधिकृत शिफारसही त्यालाच झुकते माप देते. दोन्हींची सरमिसळ झाली की मोठी गमतीची कोंडी होते. सेटिंग न बदलता ४६५ वर गेलेला सर्व्हर स्वागताची वाट पाहतो, पलीकडचा कुलूप घालण्याची वाट पाहतो. दोघेही ‘आधी तुम्ही बोला’ म्हणून गप्प, आणि शेवटी वेळ संपते. पोस्टफिक्सला ४६५ साठी ‘रॅपर-मोड’ चालू असल्याचे वेगळे सांगावे लागते.

रिलेचे नाव चौकोनी कंसात लिहायचे असते, कारण कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद शोधायला निघतो. पासवर्डाच्या फाइलमध्येही तेच नाव, त्याच कंसांसह आणि त्याच पोर्टसह लागते. एका ठिकाणी कंस आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असे झाले की पोस्टफिक्सला पासवर्ड सापडतच नाही. तो ओळख न देता पुढे जातो आणि पलीकडचा ५३० म्हणून हाकलतो. फाइल बदलल्यावर ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा चालवली नाही तर जुनाच पासवर्ड वापरला जातो. ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ अशी तक्रार आली तर पासवर्डाशी तिचा संबंध नसतो. डेबियनवर ‘लिब-एसएएसएल२-मॉड्यूल्स’ हे पॅकेज बसवायचे राहिलेले असते.

५३५ म्हणजे नाव किंवा पासवर्ड अमान्य. वैयक्तिक जीमेल खात्याचा नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रामसाठी ३० मे २०२२ पासून चालत नाही. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. ‘काल चालत होते, मी काहीच बदलले नाही’ या वाक्यामागे असे कारण असू शकते. बदल पलीकडे झालेला असतो.

इतके जुळल्यावर राहतो पाठवणाऱ्याचा पत्ता. सर्व्हर पत्रावर ‘रूट ॲट लोकलहोस्ट’ असे लिहितो, आणि रिले सेवा असला पत्ता मान्य करत नाही, ५५३ किंवा ५५० देते. ‘जेनेरिक’ नावाच्या तक्त्यात रूटऐवजी खरा पत्ता लिहून ठेवला की बाहेर जाताना तो बदलला जातो.

८. पोचला, पण स्पॅममध्ये

नोंदीत ‘सेंट’ आणि २५० आहे, तरी मेल दिसत नाही. आता पत्र चौथ्या हातात आहे आणि घरच्या नोंदवहीत पुढचे काही सापडणार नाही. ज्याला पत्र गेले त्याच्या पेटीत जाऊन मेलचा मूळ मजकूर उघडावा. तिथे ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या ओळीत तीन नावांपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेले असते.

एसपीएफ ही डोमेनमालकाने डीएनएसमध्ये टांगलेली यादी असते: आमचे टपाल याच पत्त्यांवरून येईल. सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याकडे दूधवाला आणि पेपरवाला यांची नावे असतात तशी. रिले सेवा घेतली की तिचे नाव या यादीत घालावे लागते, आणि नेमके तेच विसरले जाते. एका डोमेनची एसपीएफ नोंद एकच असावी लागते. जुनी तशीच ठेवून दुसरी जोडली तर दोन्ही निकामी होतात. यादी वाचताना डीएनएसला दहापेक्षा जास्त फेऱ्या मारायला लागल्या तरी ती बाद ठरते.

डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर. सर्व्हर गुप्त किल्लीने सही करतो, आणि ती पडताळण्याची जाहीर किल्ली डीएनएसमध्ये असते. मजकूर वाटेत बदलला की मोहर फुटते. मेल कोणी पुढे ढकलला तर एसपीएफ कोलमडतो, कारण देणारा हात बदलतो. मोहर मात्र टिकते. डीएमएआरसी या दोहोंवरची सूचना आहे: पत्रावर दिसणारे नाव आणि या दोन कसोट्यांतले नाव जुळले नाही तर पत्राचे काय करायचे, ते डोमेनमालक सांगून ठेवतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी सर्वच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएमची अपेक्षा ठेवली आहे. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. दिवसाला चार मेल पाठवणाऱ्या घराला पहिली अट तरी चुकत नाही.

घड्याळही एकदा पाहून घ्यावे. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत बोर्डावर बॅटरीचे घड्याळ नव्हते, आणि नेटवरून वेळ मिळेपर्यंत तो जुन्याच तारखेत जगतो. अशा वेळी निघालेला मेल पोचतो, पण तारखेनुसार क्रम लावणाऱ्या मेल प्रोग्राममध्ये यादीच्या तळाशी जाऊन बसतो. लोक तो स्पॅममध्ये शोधत राहतात.

९. रांग मोकळी करताना

दुरुस्ती झाली की आधी एकच चाचणी मेल पाठवावा, आणि तो नोंदवहीत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावा. पत्राचा आयडी धरून शोधले की त्याच्या सगळ्या ओळी एकाखाली एक मिळतात. मग परक्या नेटवर्कवरून, उदाहरणार्थ मोबाइलच्या इंटरनेटवरून, घरच्या सर्व्हरला तिसऱ्याच डोमेनच्या पत्त्यावर पत्र न्यायला सांगून पाहावे. त्याने ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ म्हटले पाहिजे. नेले तर तो कोणाचेही टपाल वाहणारा उघडा सर्व्हर झाला आहे. घाईच्या दुरुस्तीत विश्वासातल्या नेटवर्कची यादी सैल करून ठेवली की असे होते, आणि घरचा आयपी काही तासांत काळ्या याद्यांत जातो.

त्यानंतर साचलेली रांग. चार दिवसांच्या बिघाडात ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनने शंभर-दोनशे सूचना साठवलेल्या असतात. ‘पोस्टक्यू -एफ’ दिले की सगळ्या एकदम सुटतात, आणि घाऊक लोंढा पाहून रिले सेवा काही काळ दार लावून घेते. नवेच ४२१ किंवा ४५० दिसू लागते, आणि दुरुस्ती फसली असे वाटते. आधी ‘पोस्टकॅट’ने दोन-चार पत्रे उघडून पाहावीत. शिळ्या झालेल्या सूचना ‘पोस्टसुपर -डी’ने काढून टाकाव्यात. कामाची असतील तेवढीच ‘पोस्टक्यू -आय’ने आयडी देऊन एकेक करून सोडावीत.